बदलीचे कारण मुलीच्या गुणपत्रिकेवर लिहू नका

पत्राचा सारांश: मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षे प्राथमिक शिक्षक आहे. मूळ गाव जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात. आई-वडील गावी एकटेच असतात, भाऊ सुरतला स्थायिक आहे. मुलगी यंदा दहावीत गेली, मुलगा सहावीत आहे. आंतरजिल्हा बदली मिळाल्यास जळगाव शहरात बिऱ्हाड करून मुलीला अकरावीपासून नीटच्या क्लासला घालण्याचा विचार आहे. खानदेशात बारावी केल्यास तिला तिकडच्या विभागीय कोट्याचा फायदाही होईल. पतपेढीचा हप्ता कापून हातात बासष्ट हजार येतात. मुलीच्या भवितव्यासाठी हे पाऊल उचलणे योग्य ठरेल का?

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात आईच्या गुडघेदुखीविषयी लिहिले आहे. वडील रात्री उठल्यावर अंधारात चाचपडतात आणि मागच्या पावसाळ्यात ओट्यावरून घसरून पडले, हेही आहे. केळीची बाग बटाईने द्यावी लागल्याची खंत आहे. हा सगळा मजकूर दोन पाने भरून आहे आणि तो वाचताना तुमच्या जिवाची घालमेल समजते. मुलीच्या मनात काय आहे याविषयी मात्र एकच वाक्य आहे आणि तेही तक्रारीचे: ‘तिला मत्स्यशास्त्राचे खूळ लागले आहे, पण वय लहान आहे, समजावल्यावर ऐकेल.’ तरीही पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता की हे सगळे तिच्यासाठीच चालले आहे. मला काळजी वाटते ती याच वाक्याची, तिच्या नववीच्या चौऱ्याऐंशी टक्क्यांची नव्हे.

तुम्हाला गावी जायचे आहे ते आई-वडिलांसाठी, आणि हे कारण इतके सरळ आणि आदरणीय आहे की त्याला दुसऱ्या कोणत्याही कारणाचा टेकू लागू नये. परंतु हे कारण उघडपणे मांडले तर भावाशी बोलावे लागते, पत्नीची संमती विचारावी लागते, स्वतःच्या नोकरीतल्या नुकसानीची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी लागते. मुलीच्या डॉक्टरकीचे कारण पुढे केले की यातले काहीच करावे लागत नाही; सगळे मान डोलावतात. तुम्ही हे जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. पण याची किंमत कोण मोजणार आहे, ते पाहा. बहुतेक क्लासमध्ये रविवारी सराव चाचणी होते आणि संध्याकाळपर्यंत गुण पालकांच्या मोबाइलवर येतात. 720 पैकी 310 असा आकडा ज्या संध्याकाळी येईल, त्या संध्याकाळी घरात कोणी अवाक्षर काढले नाही, तरी सोळा वर्षांची ती मुलगी मनात हिशेब मांडेल की बाबांची ज्येष्ठता गेली, आईचे काम सुटले, भावाची शाळा बदलली, ते सगळे माझ्यामुळे आणि मला 310 पडले. हे ओझे घेऊन कोणीही मूल चांगला अभ्यास करू शकत नाही. अशा मुलांना दोन-दोन वर्षे पुन्हा परीक्षेला बसताना मी पाहिले आहे. अभ्यासाची इच्छा संपल्यानंतरही ती थांबत नाहीत, कारण थांबणे म्हणजे आई-वडिलांचा त्याग वाया घालवणे असे त्यांना वाटत असते.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही आणि तुमच्या पत्नी परत जाणार आहात, मुलगी परत जाणार नाही. ती एका नव्या मुलखात जाणार आहे. तिचा जन्म कुडाळचा, मैत्रिणी कुडाळच्या, तोंडी मालवणी. यावल तिने पाहिले आहे ते मे महिन्याच्या सुट्टीत, दुपारी दारे-खिडक्या लावून घरात बसावे लागते त्या उन्हात. तिने तिकडे जाऊच नये असे नाही, मुले रुळतात. पण तिला ‘आपल्या गावी’ नेतो आहोत म्हणजे तिला आनंदच होणार, असे गृहीत धरू नका.

आता विभागीय कोट्याविषयी, कारण तुमच्या बेताचा अर्धा डोलारा त्यावर उभा आहे आणि तो कोटा अस्तित्वातच नाही. राज्यातल्या वैद्यकीय प्रवेशांत पूर्वी 70:30 चे सूत्र होते, म्हणजे सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के राज्यभरातल्या विद्यार्थ्यांना. राज्य सरकारने हे सूत्र सप्टेंबर 2020 मध्ये रद्द केले. तेव्हापासून राज्य कोट्याच्या जागा संपूर्ण महाराष्ट्रासाठी एकाच गुणवत्ता यादीतून, सामाजिक आरक्षणासह भरल्या जातात आणि शासकीय महाविद्यालयांतल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून जातात. शिवाय ते सूत्र असतानाही विभाग तीनच होते: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. कोकण आणि खानदेश दोन्ही उर्वरित महाराष्ट्रातच मोडत होते, म्हणजे तेव्हासुद्धा कुडाळहून यावलला गेल्याने तुमच्या मुलीला एका गुणाचाही फायदा झाला नसता. आज कुडाळहून बारावी झालेली मुलगी जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेऊ शकते आणि यावलची मुलगी 2021 मध्ये सुरू झालेल्या सिंधुदुर्गच्या महाविद्यालयात येऊ शकते. ज्या कोणी तुम्हाला कोट्याचे सांगितले, त्यांची माहिती जुनी आहे आणि जुनी असताना तुम्हाला लागू नव्हती. अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेशात गृह विद्यापीठाचा विचार होतो, पण तुमचा प्रश्न तो नाही.

कोकणात अभ्यासाचे वातावरण नाही, असेही तुम्ही लिहिले आहे. 2012 मध्ये कोकण विभागीय मंडळ स्वतंत्र झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात ते वर्षानुवर्षे राज्यात पहिले आहे, आणि त्या निकालात तुमच्यासारख्या, दूरच्या जिल्ह्यांतून तिकडे गेलेल्या शिक्षकांचाही वाटा आहे. मंडळाचा निकाल म्हणजे नीटची तयारी नव्हे, हे मान्य. त्यासाठी एनसीईआरटीची पुस्तके, नियमित सराव आणि जीवशास्त्रावर पक्की पकड लागते, आणि ते कुडाळमध्ये बसूनही करता येते.

आता बदलीकडे वळू. तुमच्या हिशेबात जळगावचे नऊ हजार भाडे आहे, क्लासचे दोन वर्षांचे पावणेदोन लाख आहेत आणि त्यासाठी पतपेढीचे नवे कर्ज आहे. पण या हिशेबात घर एकच आहे. आंतरजिल्हा बदलीने जळगाव जिल्हा परिषद मिळते, जळगाव शहर मिळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असायला हवे. नव्याने आलेल्या शिक्षकाला समुपदेशनात, म्हणजे शाळा निवडण्याच्या फेरीत, उरलेल्या जागांतून शाळा घ्यावी लागते, आणि उरलेल्या जागा पुष्कळदा सातपुड्याच्या पायथ्याच्या, चोपडा, यावल किंवा रावेर तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या असतात. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहायचे म्हटले तर तुमचे एक बिऱ्हाड त्या पाड्याजवळ, पत्नी-मुलांचे दुसरे जळगावात आणि आई-वडील तिसऱ्या ठिकाणी गावी. म्हणजे ज्यांच्यासाठी निघालात, ते रात्री अंधारात पुन्हा एकटेच चाचपडणार. भाडे, दोन गॅस, पेट्रोल आणि नवा हप्ता मिळून बासष्ट हजारांतून काय उरेल, ते तुम्ही कागदावर मांडून पाहा.

मूळ वेतन राखले जात असले तरी जिल्हा बदलला की ज्येष्ठता यादीत तुमचे नाव तळाशी जाईल, त्यामुळे मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख होण्याची वाट बरीच लांबेल. हे नुकसान स्वीकारण्यासारखे आहे का, हे फक्त तुम्ही ठरवू शकता. आणि आदेश निघाला तरी, रिक्त पदांमुळे कोकणातल्या शिक्षकांची कार्यमुक्ती, म्हणजे जुन्या शाळेतून सुटका, कशी अडकते, हे तुम्ही आजूबाजूला पाहिले असेलच. मुलीचा अकरावीचा प्रवेश त्या तारखेवर टांगून ठेवू नका. आताच्या पतपेढीचे कर्ज आणि जामीनदार यांचे जिल्हा सोडताना काय करावे लागेल, ते अर्ज भरण्यापूर्वीच विचारून घ्या.

तुमच्या हिशेबात आणखी एक आकडा नाही. पत्नी शिवणकाम करून महिन्याला आठ-दहा हजार मिळवतात, हे पत्रात ओझरते आले आहे, पण जमेच्या बाजूला ते कोठेच धरलेले नाही. कुडाळमध्ये वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइके यावलला येणार नाहीत. आणि गावी गेल्यावर सासू-सासऱ्यांची शुश्रूषा दिवसभर कोण करणार, हे तुम्ही लिहिले नसले तरी वाचणाऱ्याला कळते. त्यांच्याशी या विषयावर सविस्तर बोलला नसाल, तर बदलीचा अर्ज भरण्यापूर्वी ते करा. हे मी सूचना म्हणून नव्हे, अट म्हणून सांगतो.

माझे मत विचारत असाल, तर जळगाव शहराचा बेत सोडून द्या. जायचे असेल तर थेट गावी, आई-वडिलांच्या घरी जा. भाडे वाचेल, ज्यांना तुमची गरज आहे त्यांच्याजवळ तुम्ही राहाल आणि मुलीला फैजपूर किंवा भुसावळच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकता येईल. शाळा लांबच्या पाड्यावर मिळाली, तरी आठवड्याच्या शेवटी तुम्ही एकाच घरी याल. ही वाट नको असेल, तर मुलीची बारावी कुडाळलाच होऊ द्या आणि तोवर भावाशी स्पष्ट बोलून गावी पगारी माणूस ठेवण्याचा खर्च दोघांत वाटून घ्या. कोकणच्या पावसात खानदेशातल्या म्हाताऱ्या माणसांचे मन रमत नाही, पण दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने त्यांना कुडाळला आणता येईल; रत्नागिरीमार्गे जाणारी मंगला एक्सप्रेस थेट भुसावळपर्यंत धावते. वडिलांच्या डोळ्यांची तपासणी मात्र बदलीची वाट न पाहता याच महिन्यात करून घ्या. रात्री चाचपडण्यामागे मोतीबिंदू असेल, तर अर्धी काळजी एका शस्त्रक्रियेने मिटेल. या दोन वाटांपैकी कोणती घ्यायची हे आई-वडिलांच्या प्रकृतीवर ठरवा, नीटवर नव्हे. दहावीचे वर्ष सुरू असताना मात्र मुलीची शाळा बदलू नका.

राहता राहिले ते ‘खूळ’. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे आणि तिथला पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. बारावी विज्ञान आणि राज्याची सीईटी हा त्याचा नेहमीचा मार्ग. पुढे मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मत्स्यबीज केंद्रे, कोळंबी संवर्धन, प्रक्रिया आणि निर्यात, बँकांची कृषी अधिकारी पदे, राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागातली अधिकारी पदे असे अनेक रस्ते तिथून फुटतात. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या समकक्ष दर्जा दिला, यावरून या क्षेत्राकडे शासन कसे पाहते तेही कळावे. आणि हा विषय म्हणजे फक्त समुद्र असे समजू नका. गोड्या पाण्यातले मत्स्यसंवर्धन त्यात असतेच, आणि हतनूर व गिरणा ही धरणे तुमच्याच जिल्ह्याच्या जवळची आहेत. कोकणात वाढलेल्या एका मुलीला रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीचे शास्त्र शिकावेसे वाटते, याला खूळ म्हणू नये. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाने असा प्रश्न विचारला असता, तर तुम्ही त्याचे कौतुकच केले असते. पुढे तिला खरोखर डॉक्टर व्हावेसे वाटले, तर जीवशास्त्राचा अभ्यास तोच आहे, आणि नीट व सीईटी दोन्ही परीक्षा देता येतात.

तेव्हा या रविवारी मुलीला समोर बसवून एवढेच सांगा की आपण गावी गेलो तर ते आजी-आजोबांसाठी आणि माझ्यासाठी जाऊ, त्याचा तुझ्या गुणांशी काही संबंध नाही. हे वाक्य तिच्या आईसमोर म्हणा. नंतर दिवाळीच्या सुट्टीत तिला शिरगावचे महाविद्यालय दाखवून आणा, आणि तिथल्या विद्यार्थ्यांशी तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही थोडे दूर थांबा. तिला मला काही विचारायचे असेल, तर तिने स्वतंत्र पत्र लिहावे. त्या पत्राचे उत्तर मी तिच्याच नावाने पाठवीन, आणि ते तिने आपणहून दाखवल्याशिवाय तुम्ही वाचणार नाही असा शब्द तिला आधी द्या.