रस्ता अडवला कोणी आणि अपघाताची भरपाई देणार कोण?

रस्त्यात काहीतरी आडवे आले, गाडी आदळली, आता जबाबदार कोण, अशी पत्रे सतत येतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच ऐकीव समजूत असते: ‘मागून धडकला, म्हणजे चूक त्याचीच.’ कायदा असे म्हणत नाही. म्हणून या वेळी फक्त याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: महामार्गावर रात्री बंद पडलेल्या ट्रकवर माझ्या भावाची कार मागून आदळली आणि तो जागीच गेला. ट्रकचे दिवे बंद होते. पोलिसांनी गुन्हा मात्र भावावरच नोंदवला. आता वहिनीला काही मिळणार नाही, असे सगळे सांगतात. खरे आहे का?

उत्तर: नाही. इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन रस्त्यावर सोडून जाण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ ने मनाई केली आहे. गुन्हा कोणावर नोंदवला यावर भरपाई ठरत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पुरावा पाहून निष्काळजीपणा कोणाचा आणि किती, हे स्वतः ठरवते. भावाचा वाटा ३० टक्के धरला गेला, तर भरपाईतून ३० टक्के वजा होतील, उरलेली रक्कम ट्रकमालक आणि त्याच्या विमा कंपनीकडून मिळू शकते. भाऊ गाडी चालवत नसून शेजारी बसलेला असता, तर ही वजावटही झाली नसती.

पण हे सगळे सिद्ध करावे लागते, आणि तिथेच दावे बुडतात. अपघात रात्री होतो, सकाळी क्रेन ट्रक उचलून नेते, दुपारी रस्ता धुतलेला असतो. मग न्यायाधिकरणासमोर ट्रकचा चालक शपथेवर सांगतो की दिवे चालू होते. तो खोटे बोलतो हे दाखवणार कसे? म्हणून घरातले एक माणूस रुग्णालयात आणि एक घटनास्थळी, अशी विभागणी करा. ट्रकची मागची बाजू नंबरासह टिपा. परावर्तक पट्ट्या आहेत की चिखलाने झाकल्या आहेत, ते जवळून टिपा. ट्रकचे चाक रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आत किती होते, ते फोटोत दिसले पाहिजे. ट्रकच्या मागे दगड किंवा झाडाच्या फांद्या ठेवल्या असतील, तर त्यांचा फोटो हमखास घ्या. ट्रक बराच वेळ तिथे उभा होता आणि धोका चालकाला कळला होता, हे त्यातून दाखवता येते. फोटो ज्या फोनमध्ये काढले तो फोन जपा. न्यायालयात या फोटोंसोबत त्यांच्याविषयीचे प्रमाणपत्र द्यावे लागते, तेव्हा दुसऱ्यांच्या फोनवरून फिरून आलेल्या फोटोंवरून वाद होतात. जवळच्या टोलनाक्याचे चित्रीकरण राखून ठेवावे, असा लेखी अर्ज त्याच दिवशी पोलिसांना द्या, कारण जुने चित्रीकरण पुसले जाते.

घटनास्थळाच्या पंचनाम्याची नक्कल घेऊन शब्द न् शब्द वाचा. दिव्यांचा उल्लेखच नसेल तर लगेच लेखी हरकत घ्या. २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्याच्याही प्रती मागा.

आणि वर्षश्राद्ध उरकू द्या, मग बघू, असे करू नका. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबण्यात शहाणपण नाही. वहिनींना या आठवड्यातच वकिलाकडे घेऊन जा.

प्रश्न: ट्रक उभा होता, चालू नव्हता, म्हणून विमा लागू होत नाही, असे विमा कंपनीचा माणूस म्हणाला.

उत्तर: चूक. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने याचा निकाल दिला आहे. राष्ट्रीय महामार्ग ४ वर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर पडला होता, काही तासांनी त्याचा स्फोट झाला. तरीही तो वाहनाचा ‘वापर’च ठरला. नकार लेखी मागा. तोंडी नकार ही दावेदाराला परत पाठवण्याची जुनी युक्ती आहे.

प्रश्न: बांधकामाची खडी रस्त्यावर टाकली होती. ती चुकवताना माझी कार दुभाजकावर गेली. कोणावर दावा करू?

उत्तर: ज्याने खडी टाकली त्याच्यावर. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली सार्वजनिक रस्त्यात अडथळा केल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो दंड तुमच्या हातात पडत नाही. भरपाईसाठी बहुधा दिवाणी न्यायालयात जावे लागेल. अडथळा करणारे दुसरे वाहन नसेल, तर अपघात न्यायाधिकरण हे त्याचे ठिकाण नव्हे. तुमचा विमा सर्वसमावेशक असेल तर कंपनीला आजच कळवा. दावा कुठे लावायचा हे वकिलाकडून ठरवून घ्या.

प्रश्न: रस्त्याच्या कामासाठी खोदलेल्या चरात गाडी गेली. अडथळे, दिवे काहीच नव्हते. ठेकेदाराचा माणूस ५०,००० रुपये देऊन मुद्रांक कागदावर सही मागतो आहे.

उत्तर: सही करू नका. त्या कागदात ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ हे वाक्य असतेच, आणि हाडाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यानंतर निघतो. कामाच्या जागी इशारे कसे द्यायचे, याची भारतीय रस्ते काँग्रेस या महामार्ग अभियंत्यांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. रस्त्याचे ठरवून दिलेले सुरक्षा निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ खाली ठेकेदाराला आणि संबंधित प्राधिकरणाला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी ६ लाख, तर जखमींसाठी ५०,००० ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली आहे. तुमचा चर त्यात बसतो का, हे कागदपत्रे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. सरकार किंवा महापालिकेवर दाव्याआधी नोटीस लागते, तिच्याही मुदती आहेत.

प्रश्न: गाडीवर झाड पडले. महापालिका जबाबदार ना?

उत्तर: आपोआप नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एका निकालात, झाड धोकादायक असल्याची महापालिकेला कल्पना नव्हती म्हणून तिला जबाबदार धरले गेले नाही. कोणी आधी लेखी तक्रार दिली होती का, ते शोधा. पोच असलेली एक तक्रार सापडली तर चित्र बदलते.

प्रश्न: रुग्णालयात भेटलेला एजंट भरपाईच्या ३० टक्क्यांवर केस लढवून देतो म्हणतो.

उत्तर: त्याला परत पाठवा. निकालावर टक्केवारी ठरवून फी घेण्यास वकिलांना मनाई आहे. कोऱ्या वकीलपत्रावर सही तर मुळीच करू नका.

प्रश्न: जखमीला रुग्णालयात नेले तर आपणच अडकतो का?

उत्तर: नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ तुमच्या पाठीशी आहे.

प्रश्न: आमचीच गाडी महामार्गावर बंद पडली तर?

उत्तर: जमेल तितकी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, परावर्तक त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवा, सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभे करा आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर फोन करा. फोन किती वाजता केला याची नोंद ठेवा. कोणी येऊन धडकलेच, तर तुमच्या बाजूचा तो पहिला पुरावा असेल.