अभ्यास कधी सुरू करायचा? आधी नोकरीचं कॅलेंडर काढ

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न एका ओळीचा होता: ऑगस्टमध्ये सीएफएची (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट, गुंतवणूक क्षेत्रातली परीक्षा) लेव्हल वन, म्हणजे पहिला टप्पा, द्यायची, तर नोकरी सांभाळून अभ्यास कधीपासून करू? कुणालाही विचार, 'सहा महिने आधी' असंच सांगतील. त्यात चूक काही नाही, पण ते तुला लागू पडतं का हे तुझ्या नोकरीवरून ठरणार.

एका लेव्हलच्या तयारीला उमेदवार सरासरी 300 तास देतात, असं सीएफए इन्स्टिट्यूट सांगते. मग बहुतेक जण 300 ला सहा महिन्यांनी भागतात. आठवड्याला साडेअकरा तास येतात आणि वाटतं, एवढं तर कुणीही करेल. कागदावर होतंच. प्रत्यक्षात गुरुवारी संध्याकाळी सहाला साहेब 'जरा हे बघ' म्हणतात आणि ते 'जरा' नऊला संपतं.

म्हणून हिशेब उलटा मांड. आठवड्याचे पाच दिवस धरू नकोस, चारच धर, रोज दीड तास. शनिवार-रविवार मिळून सहा तास. झाले 12. आता महिन्याचा तो एक आठवडा घे, ज्यात खाती बंद करायची असतात, रिपोर्ट जायचे असतात. त्या आठवड्यात चार तास मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे महिन्याचे 40. साडेपाच महिन्यांत 220 होतात, आणि शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत रजा टाकून उरलेले 80 काढायचे. एकूण सात महिने. ऑगस्टच्या परीक्षेसाठी याचा अर्थ जानेवारीचा उत्तरार्ध.

अकाउंट्सची पार्श्वभूमी असेल तर फायनान्शियल स्टेटमेंट ॲनालिसिसचे बरेच तास वाचतात. इंजिनिअरिंगमधून आलेल्यांचं क्वांट (गणित-संख्याशास्त्राचा विषय) लवकर उरकतं, पण डिफर्ड टॅक्सपाशी (पुढच्या वर्षांवर ढकललेल्या कराचा हिशेब) गाडी अडते. त्यामुळे 300 ही सरासरी आहे, तुझा आकडा वेगळा निघेल.

तो निघतो कसा, तर नोंदणी करण्याआधी दोन आठवडे अभ्यास करून. सुट्टीतले नकोत, अगदी नेहमीच्या धावपळीचे हवेत. सोपा विषय घेऊ नकोस, फायनान्शियल स्टेटमेंट ॲनालिसिसच घे. रोज खरोखर किती वेळ बसणं झालं ते लिहून ठेव. पुस्तक उघडं आणि मोबाईल हातात, असा वेळ धरायचा नाही. लवकर नोंदवलं तर फी कमी पडते आणि ती सवलत परीक्षेच्या कित्येक महिने आधीच संपते, त्यामुळे लोक आधी पैसे भरतात आणि मग वेळ शोधायला लागतात. सवलतीच्या तारखेआधीच हे दोन आठवडे उरकून घे, म्हणजे दोन्ही साधेल.

आता दुसरी बाजू. हिशेब दहा-अकरा महिन्यांवर गेला, तर 'मग आजच सुरू करते' किंवा 'करतो' असं म्हणायचं नाही. इतका लांबलेला अभ्यास हातात राहत नाही. फिक्स्ड इन्कमला, म्हणजे रोख्यांच्या विषयाला, पोहोचेपर्यंत क्वांट विसरलेलं असतं, मग पुन्हा मागे जायचं, आणि त्यातच उमेद संपते. जुलै 2021 मध्ये लेव्हल वनचा निकाल 22 टक्क्यांवर आला होता, एरवी तो चाळिशीच्या आसपास असतो. महामारीमुळे परीक्षा पुन्हा पुन्हा लांबल्या, त्याचा हा परिणाम असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. वेळ जास्त मिळाला म्हणजे तयारी जास्त झाली असं होत नाही. माझ्या मते आठ महिने ही वरची मर्यादा. त्यात बसत नसेल तर आठवड्याचे तास वाढव, नाहीतर पुढची विंडो, म्हणजे परीक्षेचा पुढचा काळ, घे.

विंडो निवडण्याकडेही फार कुणी लक्ष देत नाही. लेव्हल वन फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशी वर्षातून चारदा होते. ज्या कंपनीचं आर्थिक वर्ष डिसेंबरला संपतं, तिथल्या अकाउंट्सवाल्याने फेब्रुवारीच्या वाटेला जाऊ नये, जानेवारी हातातून जातोच. वर्ष मार्चला संपत असेल तर मे तसाच. शेवटचे दोन महिने ज्या विंडोत मोकळे मिळतील ती तुझी विंडो. आणि एका लेव्हलला आयुष्यात सहाच संधी मिळतात, तेव्हा 'बघू या देऊन' म्हणून एक वाया घालवायची नाही.

ऑफिसात सांगावं का, असंही तू विचारलं होतंस. सांग. लपवून ठेवलं तर रजा मागताना पंचाईत होते. परीक्षेआधीच्या दहा दिवसांची रजा आत्ताच टाकून ठेव. सहकारी त्याच तारखा आधी घेऊन बसले की मग भांडत बसावं लागतं.

रोजच्या बैठकीबद्दल एवढंच, की दमलेल्या डोक्याला प्रश्न सोडवायला लावू नकोस. रात्री वाचन कर, प्रश्न सकाळी ऑफिसला जाण्याआधी. वीस प्रश्न अर्ध्या तासात. परीक्षेचा वेग तोच आहे: सव्वादोन तासांची दोन सत्रं, प्रत्येकात 90 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. प्रत्येकाला तीन पर्याय, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

कॅल्क्युलेटर पहिल्याच दिवशी विकत घे. परीक्षेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपीचा 12सी, एवढेच चालतात (त्यांच्या प्रोफेशनल, प्लॅटिनम वगैरे आवृत्त्यांसह). बीए टू प्लस नवा असताना दोनच दशांश दाखवतो. सेकंड, फॉरमॅट, 9, एंटर एवढं दाबलं की सगळे दिसतात. आणि स्क्रीनवर वर बारीक अक्षरात बीजीएन (BGN) दिसत असेल तर थांब: यंत्र प्रत्येक हप्ता काळाच्या सुरुवातीला धरतंय. अॅन्युइटीचं (ठरावीक काळाने येणाऱ्या सारख्या हप्त्यांचं) उत्तर पर्यायांपैकी एकाशी तंतोतंत जुळेल आणि तरी चूक असेल, कारण ही गल्लत होणार हे पेपर काढणाऱ्यालाही ठाऊक असतं. बोटांना या सवयी लागायला महिने लागतात. शेवटच्या आठवड्यात यंत्र विकत घेणारे मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

इथिक्सला 15 ते 20 टक्के वजन आहे. ते सुरुवातीला एकदा वाच आणि शेवटच्या दोन आठवड्यांत पुन्हा. मध्ये त्यावर वेळ घातला तर टिकत नाही. शेवटचा महिना नवीन काही वाचायचं नाही, फक्त मॉक, म्हणजे सराव परीक्षा, आणि चुकलेले प्रश्न. मॉक पूर्ण द्यायचा, दोन्ही सत्रं एकाच दिवशी. अर्धा आज, अर्धा उद्या, याला मॉक म्हणत नाहीत.

लेव्हल टूचा विचार आत्ता नको. ऑगस्टचा निकाल आला तरी पुढचा मे बराच लांब असतो. नोव्हेंबरपर्यंत पुस्तकाला हात लावू नकोस, माणसांत मिसळ.

तर आता त्या दोन आठवड्यांना सुरुवात कर आणि झाले की तासांचा हिशेब मला पाठव. दोन आठवडे मिळून अकराच भरले तर अकराच लिही, गोल करून वीस नको. त्यावरून ऑगस्ट की नोव्हेंबर ते ठरवू.

तुझी,
ताई