नातेवाईकांना, मित्रांना अनफ्रेंड न करता त्यांच्या पोस्ट दिसणं कसं बंद करायचं?

तुमचे काका आणि शाळेतले दोन मित्र फेसबुकवर सकाळ-संध्याकाळ राजकारण ओततात, बघून डोकं उठतं, पण अनफ्रेंड केलं तर घरात बोलणी खावी लागतील, असं तुम्ही लिहिलंय.

अनफ्रेंड करू नका. मी करून बसलोय, म्हणून सांगतो.

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. धंदाच असा, की जो गिऱ्हाईक येईल तो फ्रेंडलिस्टमध्ये. फेसबुक ५,००० च्या वर मित्र घेऊ देत नाही, त्या आकड्याच्या आसपास मी कधीचा पोचलोय. त्यात एका मंडळाचे अध्यक्ष होते. दिवसाला पंधरा पोस्टी, पंधराच्या पंधरा स्वतःच्या फोटोच्या, आणि त्यातले निम्मे फोटो मीच कापून, गोरे करून दिलेले. दिवसभर दुकानातल्या स्क्रीनवर तोच चेहरा आणि रात्री जेवताना मोबाइलवर परत तोच. एका रात्री वैतागून काढून टाकलं.

फेसबुक असं काही समोरच्याला कळवत नाही. पण आठवड्याभरानं ते एका फ्लेक्सच्या फोटोत मला टॅग करायला गेले आणि माझं नाव येईना. प्रोफाइल उघडून बघितलं तर तिथं नव्यानं मैत्रीची रिक्वेस्ट पाठवायचं बटण. दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. बसले नाहीत, काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाले, "काय ओ, आमाला काढून टाकलासा व्हय?" मी म्हटलं, "न्हाई ओ अध्यक्ष, पोरानं मोबाइल घेतला हुता." त्यांना ते पटलं नाही. मलाही पटलं नसतं. त्या वर्षीचे त्यांचे गणपतीचे फ्लेक्स दुसरीकडून छापून आले.

तर तुमच्या कामाचं बटण आहे अनफॉलो. काकांच्या प्रोफाइलवर जा, नावाखाली मैत्रीचं बटण आहे ते दाबा, आत अनफॉलो मिळेल. मैत्री तशीच राहते, टॅग होतं, वाढदिवसाच्या शुभेच्छा देता येतात, फक्त त्यांच्या पोस्ट तुमच्या फीडमध्ये येत नाहीत. त्यांना पत्ता लागत नाही. दुसऱ्या कुणाच्या पोस्टखाली त्यांची कमेंट दिसेल, तेवढं सोसा.

मित्रांसाठी मात्र मी आधी स्नूझ सुचवीन. पोस्टच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून स्नूझ निवडलं की ३० दिवसांसाठी तो माणूस गप्प, एकतिसाव्या दिवशी आपोआप परत. माझा एक बालमित्र एरवी गुणी आहे, पण शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की त्याच्या अंगात त्याची पेठ येते. मग महिनाभर आमच्या पेठेच्या टीमवर टोमणे, जुन्या गोलांचे व्हिडिओ, रेफ्रीचा उद्धार. मी त्याला स्पर्धेपुरतं झोपवतो. निवडणुकीतही हाच उपाय चालतो, कारण बहुतेकांचं राजकारण हंगामीच असतं.

आता जरा तुमच्याविषयी. "मी पण मग कमेंटमध्ये सुनावतो" असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. खरी गोम तिथं आहे. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकनं जाहीर केलं होतं, की ज्या पोस्टवर मित्र-नातेवाईक आपसात बोलतात त्या वर आणणार. तुम्ही काय बोलताय, प्रेमानं की दात-ओठ खाऊन, हा भाग वेगळा. काकांच्या पोस्टखाली तुम्ही चार ओळी लिहिल्या, त्यांनी सहा लिहिल्या, की हिशेब एकच लागतो: या दोघांचं एकमेकांशी फार जमतं, अजून दाखवा.

मी स्वतः यात सापडलोय. हद्दवाढीवरून एका रात्री शेजारच्या गावातल्या एका गिऱ्हाइकाशी माझं जुंपलं. तो म्हणतो गावं शहरात गेली की घरफाळा वाढणार आणि सोय काहीच मिळणार नाही, मी म्हणतो शहराच्या केएमटी बसनं फिरता, पाणी मागता, मग हद्दीत यायला काय होतं. अकरा कमेंट टाकल्या मी. बायको उठून पाणी प्यायला आली, घड्याळाकडे बघितलं, काही न बोलता परत गेली. दुसऱ्या दिवसापासून मोबाइल उघडला की पहिला तोच गडी. त्याची हद्दवाढ, त्याची म्हैस, त्याच्या पुतणीचं बारसं. त्याचा काय दोष? मीच त्याला पाट मांडून बसवलं होतं. तेव्हा अनफॉलो करायच्या आधी कमेंट टाकणं बंद करा, नाहीतर एका काकांच्या जागी तसलेच दुसरे येतील.

लोकांना नुसतं हाकलत बसण्यापेक्षा हवी ती माणसं पुढं आणणं जास्त उपयोगी पडतं, आणि हे फारसं कुणी करत नाही. फेसबुकवर फेव्हरिट्समध्ये ३० जणांपर्यंत नावं घालता येतात, त्यांच्या पोस्ट वर दिसतात. मेनूमध्ये फीड्स म्हणून एक जागा आहे, तिथं फ्रेंड्स निवडलं की फक्त मित्रांच्या पोस्ट वेळेच्या क्रमानं लागतात. जाहिराती असतात, पण 'तुम्हाला हे आवडेल' म्हणून घुसणारे परके व्हिडिओ नसतात. मी हल्ली तिथंच जातो आणि दहा मिनिटांत बघायचं संपतं. इन्स्टाग्रामवर अनफॉलो करायचीही गरज नाही, म्यूट आहे. पोस्ट वेगळ्या, स्टोरी वेगळी बंद करता येते.

व्हॉट्सॲपवर जरा जपून. तिथं कोण काय बघतं हे माणसं मोजतात. माझ्या मावशीचे रोज तीस-चाळीस स्टेटस असतात. मी म्यूट केले, तर महिन्याभरानं लग्नात भर पंगतीत म्हणाली, "तू माझं स्टेटस बघत नाहीस आता. नाव येत नाही तुझं खाली." आता आठवड्यातून एकदा म्यूट केलेल्यांच्या यादीत जाऊन तिचे सगळे स्टेटस भराभर पुढं ढकलतो. चोवीस तासांत गेलेले गेले, पण नाव लागलं की मावशी खूश. फॅमिली ग्रुप सोडायचा विचार असेल तर २०२२ पासून गुपचूप सोडता येतो, सूचना फक्त ॲडमिनला जाते. आता तुमच्या ग्रुपचा ॲडमिन कोण आहे ते बघा. काकाच असणार.

ग्रुप म्यूट करतानाही सगळे एका झाडूनं झाडू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुकानाच्या गल्लीचा ग्रुप मी म्यूट करून ठेवला होता. तेव्हा एक वर्षाचा पर्याय असायचा, तोच निवडलेला. कारण काय, तर गुड मॉर्निंग, देवाचे फोटो, कुणाची तरी हरवलेली मांजर. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, मग ४३ ची धोका पातळी ओलांडली, ते आकडे मला दहा ठिकाणांहून कळत होते. पण माझ्या शटरला पाणी लागलंय हे फक्त त्या ग्रुपवर आलं होतं, रात्री दीड वाजता: "दादा किल्ली घेऊन या, माल वर घेऊया." राजारामपुरीत घरी झोपलेल्या मला ते सकाळी सहाला दिसलं. व्हिनाईलचे रोल खाली रचलेले होते, खालचे सगळे भिजले. प्रिंटर टेबलावर होता म्हणून वाचला.

आता गल्लीतल्या दुकानदारांचा वेगळा छोटा ग्रुप आहे, तो म्यूट नाही. त्यात गुड मॉर्निंग टाकणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा असा नियम आहे. शिवाय पोरांना सांगून ठेवलंय, पाणी आलं तर मेसेज नको, फोन करा.

तुमच्या काकांचं राहिलंच. आज रात्री अनफॉलो करा. रविवारी जेवायला बोलावतील तेव्हा विचारणार, "माझी पोस्ट बघितलीस का?" खोटं बोलू नका, पकडले जाल. म्हणा, "नाही काका, राहिली. काय लिहिलं होतं तुम्ही?" ते सांगतील, सविस्तर सांगतील, आणि तोवर तुमचा तांबडा रस्सा दोनदा वाढून घेऊन होईल.