प्लूटोला काढलं म्हटलं की मुलं म्हणतात 'विज्ञान चुकलं'. वर्गात काय सांगावं?

तुम्ही आठवीच्या वर्गाबद्दल विचारलंय. मला हा विषय निघाला की २००६ची सहामाही आठवते.

२४ ऑगस्टला प्रागमध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेत 'ग्रह' कुणाला म्हणायचं यावर मतदान झालं, प्लूटो यादीतून गेला, आणि दिवाळीआधी आमच्या सोलापुरातल्या शाळेत प्रश्न आला, सूर्यमालेत ग्रह किती? एका मुलीनं लिहिलं, आठ. मी बरोबरची खूण केली. शेजारी बसलेल्या ज्येष्ठ सरांनी पेपर ओढून घेतला. "पुस्तकात नऊ हाय न्हवं? मग नऊच." मी तेव्हा कायम झालेलो नव्हतो. खूण खोडली.

पोरगी पूर्व भागातली, वडील कापडाच्या मागावर कामाला. पेपर हातात पडल्यावर रडली नाही. म्हणाली, "सर, टॉवेल किती मोठा झाला की त्याला चादर म्हणायचं?" वर्ग पेटला. कुणी म्हणे लांबीवरून. कुणी म्हणे पांघरलं की चादर. एकजण म्हणाला, आमच्यात चादर फाटली की तिचं पायपुसणं होतं. ती म्हणाली, "मागावरून ठरतं. चादरीला जकार्ड लागतो." जकार्ड म्हणजे नक्षी विणणारं मागावरचं यंत्र. तास संपला, ग्रहांचं नाव फारसं निघालंच नाही. माझ्या मते माझा तोच तास चांगला झाला. खगोलशास्त्रज्ञांचं भांडण तरी वेगळं काय आहे? एक म्हणतो, स्वतःच्या गुरुत्वानं गोल झाला की ग्रह. दुसरा विचारतो, त्यानं कक्षेचा परिसर साफ केलाय का, म्हणजे वाटेत त्याच्या तोडीचं दुसरं काही उरलं नाही ना? प्रागमध्ये दोन्ही अटी धरल्या, दुसरीत प्लूटो अडकला.

तर प्रागपासून सुरुवात करू नका. सेरेसपासून करा. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात तो १ जानेवारी १८०१ला सापडला, काही दशकं ग्रह म्हणून मिरवला, मग त्याच पट्ट्यात एकामागोमाग एक सापडत गेले आणि सगळे लघुग्रह झाले. प्लूटोचं तेच झालं. १९३०मध्ये सापडला तेव्हा पृथ्वीएवढा जड असेल असं वाटलं होतं. १९७८मध्ये त्याचा उपग्रह शॅरन सापडला, त्यावरून वजन नीट काढता आलं. भरलं आपल्या चंद्राच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी! १९९२पासून नेपच्यूनच्या पलीकडं त्याचे भाऊबंद, म्हणजे तसेच बर्फाळ गोळे, सापडायला लागले, आणि २००५मध्ये जाहीर झालेला एरिस तर त्याच्याहून जड निघाला. आता एरिसला घ्या, नाहीतर प्लूटोला काढा.

'मतदानानं विज्ञान ठरतं का?' असं कुणीतरी विचारणारच. मतदान नावावर झालं, वजनावर नाही. आजीच्या नवग्रहांत सूर्य-चंद्रही ग्रहच आहेत की, आणि पृथ्वी नाही. आजी चुकली म्हणायचं का? तिथं त्या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. पुस्तकात छापलंय म्हणून खरं, असं सांगणाऱ्यानं विज्ञान शिकवूच नये, हे माझं स्पष्ट मत.

हां, ती व्याख्याही काही सोन्याची नाही. मत देणारे जेमतेम चारशेच्या वर होते, 'परिसर साफ' म्हणजे नेमका किती यावर अजून वाद आहे, आणि दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांना ती लागूच नाही. हेही मुलांना सांगा. आणि परीक्षेत आठच लिहायला सांगा, मार्क जातात.

ते सर आता निवृत्त आहेत. सकाळी संभाजी तलावावर फिरताना भेटतात. परवा म्हणाले, "२०१५ला प्लूटोजवळनं यान गेलं तवाचे फोटो बघितलं का? डोंगर हायत, बर्फ हाय, हवा हाय. ग्रह न्हाई तर काय हो ते?" मी वाद घातलाच. पण पुस्तकाचं नाव काही त्यांनी काढलं नाही.