चित्रपट वाईट ठरवण्याआधी
चित्रपट पाहून आल्यावर तो चांगला की वाईट हे लगेच ठरवू नका. आपले मन कोणत्या प्रसंगात गुंतले आणि कुठे उडाले, एवढे आधी आठवून पाहा. एका शाहिरावरच्या खटल्याची गोष्ट सांगणारा चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’ मी प्रथम पाहिला, तेव्हा स्थिर कॅमेरा आणि तारखांमागून पडणाऱ्या तारखा यांचा मला कंटाळा आला होता. परंतु सुट्टीसाठी न्यायालयाचे दिवे मालवले जातात, पडदा काळोखा होतो आणि तरीही चित्रपट न संपता न्यायाधीशांच्या सहलीकडे वळतो, हे दुसऱ्यांदा पाहताना तो कंटाळा म्हणजेच आरोपी शाहिराचे जगणे आहे, हे मला उमगले. अर्थात, प्रत्येक संथ चित्रपट खोल असतोच असे नाही. गाणी-मारामारीचा चित्रपट नेटका बांधलेला असेल, तर तो आवडल्याचे निःसंकोच सांगावे. परीक्षणे मात्र नंतरच वाचा.