बॉयलरला तडे गेलेले असताना ‘विक्रांत’ 1971 च्या युद्धात का उतरवली?

1965 चे युद्ध गोदीत दुरुस्तीसाठी उभी राहून काढलेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेला बॉयलर नादुरुस्त असूनही 1971 मध्ये लढाईवर का पाठवले, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे उत्तर बंगालच्या उपसागराच्या भूगोलात आहे. पूर्व पाकिस्तानातील (आजच्या बांगलादेशातील) पाकिस्तानी फौजेला कुमक मिळण्याचा आणि तिथून निसटण्याचा मुख्य मार्ग समुद्राचाच होता, आणि चितगाव, कॉक्स बाजार या ठिकाणांवर समुद्राकडून विमानहल्ला करू शकणारे जहाज आपल्याकडे तेव्हा एकच होते.

दोष किरकोळ नव्हता. बॉयलरांच्या पाण्याच्या ड्रमांना आतून तडे गेले होते, ते वेल्डिंगने भरून निघणारे नव्हते, आणि ब्रिटनकडे मागवलेले नवे ड्रम आलेले नव्हते. म्हणून 1971 च्या मार्चमध्ये वाफेचा दाब कमी ठेवून चाचण्या सुरू झाल्या आणि जवळपास 25 नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने जाण्यासाठी बांधलेल्या या जहाजाला तेव्हा 14 नॉटवर समाधान मानावे लागले. विमानवाहू नौकेसाठी ही अडचण किती मोठी, हे समजून घ्यायला हवे. विमान उडवताना जहाज वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वेगाने चालवतात, कारण वाऱ्याचा आणि जहाजाचा वेग मिळून डेकवरून जो वारा वाहतो, त्याची विमानाला हवेत उचलण्यात मोठी मदत होते. शिवाय विमान पुढे फेकणाऱ्या कॅटापुल्टलाही त्याच बॉयलरांची वाफ लागते. म्हणजे वारा पडला, की वेग आणि वाफ या दोन्हींची उणीव एकदमच भासणार.

अशा स्थितीतही नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नंदा यांनी ‘विक्रांत’ला पूर्वेकडे पाठवले. मला हा निर्णय धाडसी वाटतो, पण अविचारी नाही: पश्चिमेकडील समुद्रात पाकिस्तानी विमाने आणि पाणबुड्या यांच्यासमोर मंद गतीचे जहाज नेणे फार महागात पडले असते, तर पूर्वेकडे मुख्य भीती होती ती ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीची. ‘विक्रांत’ अंदमानच्या बाजूला सुरक्षित होती आणि ती विशाखापट्टणमजवळ असल्याचा आभास मुद्दाम निर्माण केला गेला. 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री ‘गाझी’ त्याच किनाऱ्यालगत बुडाली.

4 डिसेंबरला ‘विक्रांत’वरच्या सी हॉक या लढाऊ विमानांनी कॉक्स बाजारच्या धावपट्टीवर आणि नंतर चितगाववर हल्ले चढवले. पुढच्या दिवसांत खुलना, मोंगला अशी बंदरेही लक्ष्य झाली. वजनाने जड असलेली अलिझे ही पाणबुडीविरोधी विमाने रात्रीच्या मोहिमा पार पाडत होती. ‘विक्रांत’चे प्रमुख कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखालच्या या विमानांनी समुद्रमार्ग जवळजवळ बंद पाडला. या कामगिरीसाठी ‘विक्रांत’च्या वाट्याला 2 महावीर चक्रे आणि 12 वीर चक्रे आली. उड्डाणांचे वर्णन वाचताना, डेकखालच्या उष्म्यात तडे गेलेल्या बॉयलरांवर डोळ्यांत तेल घालून पहारा देणाऱ्या इंजिनरूममधील मंडळींना या यशाचे तितकेच श्रेय द्यावे, असे मला मनापासून वाटते.