बॅलन्सिंग नंतर, आधी कोन मोजा

मोटरसायकलची तीनचाकी करून घेतलेल्या वाचकांची पत्रं सतत येतात. कुणाला पायाच्या दुखण्यामुळे दोन चाकांवर तोल सांभाळता येत नाही, कुणाला माल वाहायचा असतो, कुणी हौसेनं करून घेतलेली असते. गाव वेगळं, गाडी वेगळी, पण पत्रातलं वाक्य तेच: "शाफ्ट बॅलन्स करून आणला, तरी थरथर जात नाही." म्हणून या वेळी बहुतेक प्रश्न शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे, आणि त्याच्या थरथरीचेच घेतले आहेत. बॅलन्स करणं म्हणजे त्या दांड्याचं वजन सगळीकडून सारखं करून घेणं.

प्रश्न : माझ्या शाफ्टच्या क्रॉसला ग्रीसचं निपल सापडत नाही. ग्रीस कुठून भरायचं? (सातारा)

क्रॉस म्हणजे दोन शाफ्टना कोनात जोडणारा, सुयांच्या बेअरिंगवर फिरणारा चौफुलीसारखा जोड. निपल नसलेला क्रॉस सीलबंद असतो. तो ढिला झाला की बदलायचा, त्यात ग्रीस भरायचं नसतं.

प्रश्न : तीनचाकी केल्यापासून 30 ते 40 च्या वेगाला हँडल दोन्ही बाजूंना डोलतं. शाफ्ट बदलावा का? (सोलापूर)

नाही. हँडल डोलण्याशी शाफ्टचा संबंध नाही. स्टिअरिंगच्या बेअरिंगचा ताण, पुढच्या टायरची झीज आणि फोर्कची भूमिती तपासून घ्या. दोन चाकांसाठी ठरवलेली पुढची भूमिती तीन चाकांवर तशीच ठेवली की हे होतं. फोर्कचा कोन बदलण्याचं काम मात्र त्यातल्या जाणकाराकडूनच करून घ्या, कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून नको.

प्रश्न : शाफ्टवर चालणाऱ्या जुन्या मोटरसायकलची तीनचाकी करून घेतली. मागे लहान व्हॅनचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) आणि पाटे (पट्टीच्या स्प्रिंगा) आहेत, मधला शाफ्ट साधारण 400 मिलिमीटरचा. 45 ते 55 च्या दरम्यान सीट आणि फूटरेस्ट जोरात थरथरतात, 65 नंतर कमी होतं. शाफ्ट दोनदा बॅलन्स केला. मेकॅनिक म्हणतो, तिसऱ्यांदा दुसरीकडे करून बघू. (नाशिक)

तिसऱ्यांदा करू नका. तुमच्या पत्रासोबत बॅलन्सिंगच्या दोन पावत्या आहेत, पण कोनाचा एकही आकडा नाही. माझी खरी काळजी तीच आहे.

क्रॉस जॉइंट कसा चालतो ते आधी समजून घ्या. दोन शाफ्ट एका रेषेत नसतील, तर पुढचा शाफ्ट एकसारख्या वेगानं फिरत असतानाही मागचा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन 3 अंश असेल तर हा फरक 0.14 टक्के, म्हणजे जाणवणारही नाही. 10 अंशांना तो दीड टक्क्यावर जातो, 20 अंशांना सहा टक्क्यांच्या पुढे. शाफ्ट सोन्याच्या तराजूत तोलून आणला तरी हा फरक हलत नाही, कारण तो वजनातून येत नाही, कोनातून येतो.

मग ट्रक, जीप, व्हॅन यांच्यात ही थरथर का नसते? कारण तिथे दोन जॉइंट असतात आणि पुढच्यानं केलेली गडबड मागचा निस्तरतो. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन बोटांचे चिमटे, एका रेषेत हवेत. दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत, फार तर एका अंशाचा फरक. आणि गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल वरून पाहिल्यावरही एका सरळीत हवेत. डिफरन्शियलचं हाउसिंग (बाहेरचा डबा) डावी-उजवीकडे सरकलेलं असेल तर बाजूचा कोनही हिशोबात येतो.

शाफ्टवर चालणाऱ्या अनेक जुन्या मोटरसायकलींत मुळात एकच जॉइंट असे, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या खिळीपाशी. त्याच्या मागचा शाफ्ट स्विंगआर्ममधून सरळ मागच्या गिअरपर्यंत जाई आणि कोन लहान असल्यामुळे एका जॉइंटवर भागत असे. तुम्ही स्विंगआर्म काढून व्हॅनचं हाउसिंग बसवलंत, तेव्हा दुसरा जॉइंट आला. पण त्याचा कोन किती असावा, हे कुणीच ठरवलं नाही. हाउसिंग डोळ्यांनी "सरळ" धरून वेल्ड केलं गेलं. बहुतेक ठिकाणी असंच होतं, आणि ते ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण मोजायला पंधरा मिनिटं पुरली असती.

त्यात तुमचा शाफ्ट आखूड आहे. आखूड शाफ्टला लांब शाफ्टसारखी वाकून झोके खाण्याची भीती नसते, पण कोनाच्या बाबतीत तो फार कडक असतो. 1200 मिलिमीटरच्या शाफ्टला दोन टोकांच्या उंचीत 40 मिलिमीटरचा फरक असेल तर कोन दोन अंशांच्या आत राहतो. 400 च्या शाफ्टला त्याच 40 मिलिमीटरला जवळजवळ पावणेसहा अंश होतात. मागे दोन माणसं बसली, पाटे दबले, की हा कोन पुन्हा बदलतो.

आता मोजायचं कसं? गाडी सपाट फरशीवर उभी करा. रोज जितकं वजन असतं तितकं ठेवा, चालवणारा सीटवर बसलेला हवा. कोन मोजण्याचं डिजिटल मीटर घ्या. गिअरबॉक्सचा आउटपुट, मधला शाफ्ट आणि डिफरन्शियलचं पिनियन (शाफ्ट ज्याला जोडला जातो तो छोटा गिअर), तिन्हींचा उतार मागच्या दिशेनं मोजा. समजा आकडे 2, 7 आणि 3 आले. पुढचा जॉइंट 5 अंशांवर, मागचा 4 वर: फरक एकाचा, कोन थोडे मोठे पण जुळलेले. आता समजा पिनियनचं तोंड 2 अंश उलट बाजूला आहे. मागचा जॉइंट 9 अंशांवर गेला आणि दोघांचा मेळ तुटला. तुमच्या गाडीत असंच काही निघेल असा माझा अंदाज आहे, पण तो अंदाजच. मोजल्याशिवाय पाना उचलू नका.

एक सोपी परीक्षाही आहे. रिकाम्या सरळ रस्त्यावर 50 चा वेग धरा आणि थ्रॉटल सोडा. जोर देताना आणि सोडताना थरथर बदलत असेल तर कोनावर संशय घ्या. दोन्ही वेळा तशीच राहत असेल तर बॅलन्स, वाकलेला शाफ्ट किंवा टायर. 65 नंतर कमी होतं म्हणून गाडी बरी आहे असं समजू नका. 50 च्या आसपास शाफ्टचे धक्के आणि चॅसीचं स्वतःचं कंपन एकाच लयीत येतात, म्हणून ते जाणवतं. पुढे लय सुटते, पण धक्के चालूच असतात आणि ते क्रॉसच्या सुया, गिअरबॉक्सचं बेअरिंग, ऑइल सील खात राहतात.

दुरुस्ती फरकावर ठरेल. दोन-तीन अंश असतील तर पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये तासलेली पाचर घालून पिनियन फिरवता येतं. यू-बोल्ट मग तितके लांब हवेत. जोर लागला की पाट्यांवरचं पिनियन तोंड थोडं वर उचलतं, तेवढी सूट आधीच ठेवावी लागते. ती किती, हे तुमचे पाटे पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. फरक याहून मोठा असेल तर हाउसिंगच्या बैठका कापून नव्यानं बसवाव्या लागतील किंवा डबल क्रॉस, सीव्ही जॉइंट (कोनातही वेग एकसारखा ठेवणारे जोड) यांचा विचार करावा लागेल. तिन्ही आकडे कागदावर लिहा आणि ट्रान्समिशनचं काम करणाऱ्या एखाद्या इंजिनिअरला प्रत्यक्ष गाडी दाखवा. कोन शून्य करायच्या मागेही लागू नका. क्रॉसमधल्या सुया फिरत्या राहायला अर्धा-एक अंश लागतो.

प्रश्न : क्लच प्लेट बदलताना शाफ्ट खोलला होता. त्याच संध्याकाळपासून थरथर सुरू झाली. आधी काहीच नव्हतं. (कोल्हापूर)

स्लिप जॉइंट (शाफ्टची आत-बाहेर सरकणारी जोडणी) परत बसवताना त्याची स्प्लाइन (दातेरी खाचा) फिरून चुकीच्या दातांवर बसली आहे. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आणायला सांगा, आणि पुढच्या वेळी खोलण्याआधी खडूची नव्हे, पंचची खूण करून घ्या.

प्रश्न : मी इथे जुनी होंडा गोल्ड विंग घेतली, आधीच्या मालकानं ट्राइक (तीनचाकी) करून घेतलेली. ताशी 65 मैलांना घुमल्यासारखं कंपन येतं. दुकानदार म्हणतो टायर, मित्र म्हणतो शाफ्ट. फोनवरच्या ॲपनं 14 ते 15 हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपनं) दाखवलं. (न्यू जर्सी)

मोजून पाठवलंत, हे फार चांगलं केलंत. 65 मैल म्हणजे सेकंदाला सुमारे 29 मीटर. मागच्या टायरचा घेर 2 मीटर धरला तर चाक सेकंदाला साडेचौदा फेरे घेतं. तुमचा आकडा चाकाच्या फेऱ्यांशी जुळतो, म्हणजे दुकानदाराचं म्हणणं आधी तपासायला हवं: टायर, रिम, हब. डिफरन्शियलचं गुणोत्तर 3 असेल तर शाफ्टचं वजन बिघडल्याचं कंपन 43-44 ला येईल आणि कोनाचं त्याच्या दुप्पट, 87 च्या जवळ. मात्र ॲप सेकंदाला किती नोंदी घेतं ते पाहा. 100 च घेत असेल तर 50 च्या वरचं कंपन त्याला खरं दिसणारच नाही, त्यामुळे शाफ्ट निर्दोष ठरवायला हा पुरावा पुरत नाही. टायर झाल्यावरही राहिलं तर ज्या कंपनीचं ट्राइक किट आहे, त्याच किटचं काम करणाऱ्याकडे जा.

प्रश्न : शाफ्टवर आवळायचं "व्हायब्रेशन किलर" किट ऑनलाइन मिळतं. विकणारा सोबत बॅलन्सिंगचं सर्टिफिकेटही देतो. घ्यावं का? (पुणे)

घेऊ नका. तुमचा शाफ्ट न पाहता दिलेलं सर्टिफिकेट कशाचं आहे? शाफ्ट त्याच्या स्वतःच्या योकसकट, त्याच क्रॉससकट मशीनवर फिरवला तरच त्या कागदाला अर्थ असतो. 30 मिलिमीटर त्रिज्येवर 10 ग्रॅम जास्तीचं वजन मिनिटाला 3000 फेऱ्यांना जवळजवळ तीन किलोच्या ताकदीनं शाफ्टला ओढतं, आणि ओढीची दिशा प्रत्येक फेऱ्यात गरगर फिरते. अशा ठिकाणी बाहेरून आवळलेली पट्टी कणभर सरकली तर नसलेला दोष तयार होईल. रबर माउंट घालून थरथर "दाबणारे" हेच करतात: तुम्हाला जाणवू नये इतकं झाकतात, आणि झीज आत चालू राहते. भोसरीला किंवा तुमच्या जवळच्या एमआयडीसीत शाफ्ट बॅलन्स करणारी वर्कशॉप सापडतील. तिथे समोर उभं राहून करून घ्या, पण कोन मोजल्यानंतर.

प्रश्न : वडिलांना लहानपणी पोलिओ झाला. त्यांच्यासाठी मोटरसायकलची तीनचाकी करायची आहे. आधी गाडी बनवून मग आरटीओत नेली तर चालेल का? (अकोला)

नाही, आधी आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर दर फेरफाराला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच दुरुस्तीनं अपंग व्यक्तीच्या वापरासाठी बदललेल्या वाहनाची वेगळी व्याख्याही कायद्यात आणली, तिचा लाभ घ्या. अपंगत्वाचा दाखला आणि गाडीची कागदपत्रं घेऊन जा, लेखी मंजुरी घ्या, विमा कंपनीलाही कळवा. "नंतर मॅनेज करू" म्हणणाऱ्या गॅरेजात वडिलांची गाडी देऊ नका. आणि माझा सल्ला विचाराल तर शाफ्टच्या भानगडीत न पडता मंजूर साइड-व्हील किट बसणारी गिअरलेस स्कूटर आधी पाहा.

प्रश्न : थ्रॉटल सोडला की मागून "टक्" असा आवाज येतो. चार महिने झाले. गाडी चालते आहे, म्हणून दिवाळीनंतर दाखवावी म्हणतो. घाट रोजचाच आहे. (रत्नागिरी)

चार महिने? आजपासून गाडी बंद ठेवा. हा आवाज बहुतेक वेळा क्रॉसच्या सुया संपल्याची किंवा स्प्लाइन झिजल्याची खूण असतो. कधी डिफरन्शियलचाही निघतो, पण ते खोलल्यावर ठरेल, घाटात नाही. क्रॉस तुटून पुढचं टोक खाली पडलं तर फिरता शाफ्ट रस्त्यात रुततो आणि गाडी मागून उचलली जाते. मागचं टोक सुटलं तर तो शेजारून जाणारी ब्रेकची नळी तोडू शकतो, आणि तीन चाकांची गाडी उतारावर ब्रेकशिवाय वळणात उलटायला वेळ लागत नाही.

दुरुस्ती होईल तेव्हाच शाफ्टखाली लोखंडी कडं बसवून घ्या. ड्रॅग रेसिंगच्या नियमांत साधारण 6 मिलिमीटर जाड आणि 50 मिलिमीटर रुंद पट्टीचं कडं, पुढच्या जॉइंटपासून सहा इंचांच्या आत लागतं. तोच हिशोब धरा. कडं चॅसीला धरेल, ब्रेकच्या नळीला नाही, हे स्वतः वाकून पाहा.

मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर गाडी टेम्पोत घालून न्या. चालवत नेऊ नका.